डिमेन्शिया झालेल्या माणसाला चारचौघांत कसं ठेवायचं: क्रम, तयारी आणि हमखास होणाऱ्या चुका

आईला डिमेन्शिया, म्हणजे विसरायचा, मेंदूचा आजार आहे हे कळून चार वर्षं झाली. या काळात नागपुरातल्या बऱ्याच घरांशी बोलणं झालं, कोणी ओपीडीच्या बाकावर भेटलं, कोणी ओळखीतून फोन केला, आणि जवळपास सगळीकडे चूक एकच दिसली, ती क्रमाची. आधी वर्षभर माणसाला घरात ठेवायचं, कोणी विचारलं की "तब्येत बरी नसते" म्हणायचं, आणि मग भाच्याचं लग्न आलं की एकदम वर्धा रोडच्या लॉनमध्ये रात्री नऊला डीजेसमोरच्या खुर्चीवर नेऊन बसवायचं. माणूस घाबरतो, उठून चालायला लागतो, घरी चला म्हणून हात ओढतो, एखादी शिवी तोंडून निघते, लोक बघतात. परतताना गाडीत ठरतं की आता यांना कुठे न्यायचं नाही. पुढच्या लग्नाची पत्रिका द्यायला येणारे मग मुलाशीच बोलून जातात, आतल्या खोलीत डोकावतही नाहीत.

हे बऱ्याच अंशी टाळता येतं म्हणून लिहून राहिली आहे. आपल्याकडे मेंदू जायच्या कितीतरी आधी माणसाचा मान जातो, मान गेला की येणं-जाणं थांबतं, येणं-जाणं थांबलं की बोलणं थांबतं आणि मग जे शिल्लक होतं तेही लवकर जातं. भारतात साठीच्या पुढच्या अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे शंभर म्हाताऱ्या माणसांमागे सात. तुमच्या लेआउटमध्ये, मंडळात, नात्यात असं घर असणारच.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधला टप्पा सोडून पुढे उडी मारू नका.

## टप्पा १: आधी डॉक्टर, आणि त्यांच्याच सोबत कान-डोळे

"साठी बुद्धी नाठी", "म्हातारचळ लागला" असं म्हणून विषय संपवायचा नाही. न्यूरोलॉजिस्टला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, मग मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, मिहानच्या एम्सला दाखवा की खाजगीत, पण दाखवा. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, सोडियम कमी होणं, डिप्रेशन, झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, यातल्या कशानेही माणूस डिमेन्शियासारखा वागू शकतो आणि यातलं बरंचसं उपचाराने सुधारतं. नुसत्या अंदाजावर आईवर शिक्का मारू नका.

आता लोक जे हमखास विसरतात ते. आई भजनी मंडळात गप्प बसायला लागली, प्रश्न विचारला की भलतंच उत्तर द्यायची, आम्ही समजलो आजार वाढला. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांतून मळ काढला आणि त्याच दिवशी संध्याकाळी आई म्हणते, "कूलर किती आवाज करून राहिला." तोवर तिला तो ऐकूच येत नव्हता. मोतीबिंदूचंही तसंच, समोरचा नीट दिसत नसेल तर ओळखणार कसा? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत आणि त्यात कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि एकटं पडणं ही तिन्ही आहेत.

सावधान: एक-दोन दिवसांत एकदम फरक पडला, माणूस बडबडायला लागला किंवा सारखा गुंगीत राहायला लागला, तर तो "आजार वाढला" समजून घरी थांबू नका. लघवीचं इन्फेक्शन, शौचाला न होणं, आपल्या इकडच्या उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी होणं, कुठेतरी पडून डोक्याला मार लागणं, यापैकी काही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर.

तपासून घ्या: चष्मा नवीन नंबरचा आहे का, कानाच्या मशीनचा सेल चालू आहे का, कवळी सैल तर नाही. कवळी सैल असली की माणूस लाजून बोलतच नाही.

## टप्पा २: दहा दिवस एक वही

आपल्या माणसाची चांगली वेळ कोणती हे अंदाजाने ठरवू नका. शाळेची साधी वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा: किती वाजता मूड चांगला होता, कशामुळे बिथरल्या, आणि स्वतःहून काय केलं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळे तीच लिहीत नाहीत. विसरलेल्या गोष्टींची यादी सगळ्यांकडे पाठ असते.

आमच्या वहीतून दिसलं की सकाळी आठ ते अकरा आई उत्तम, दुपारी झोप झाली तर चार ते साडेपाच ठीक, आणि दिवेलागणीनंतर "घरी जायचंय" सुरू. बऱ्याच जणांना संध्याकाळी असंच होतं. मग आम्ही पाहुण्यांना बोलवायची, बाहेर न्यायची सगळी कामं सकाळवर आणली, आणि निम्म्या भानगडी इथेच संपल्या.

## टप्पा ३: घरातल्यांची बोलायची पद्धत बदला (बाहेरच्यांच्या आधी)

बाहेरचे लोक तुमच्याकडे बघून शिकतात. घरची सून "त्यांना काही कळत नाही" म्हणाली की पाहुणा दुसऱ्यांदा त्यांच्याशी बोलणार नाही.

"ओळखा बरं मी कोण?" हे वाक्य घरात पूर्ण बंद. प्रेमाने विचारतात सगळे, पण ती परीक्षा असते आणि चारचौघांसमोर नापास व्हायची परीक्षा असते. जवळ जायचं, समोरून, डोळ्यांच्या लेव्हलला यायचं आणि स्वतःच सांगायचं, "काकू, मी बाजूच्या घरातली, तुमच्याकडे लोणच्याचा मसाला घ्यायला येत होती ना, तीच." मग त्यांना आठवलं तर ठीक, नाही आठवलं तरी गप्पा सुरू होतात. वार कोणता, नातू कितवीत, पंतप्रधान कोण हे प्रश्न डॉक्टरांच्या केबिनमध्ये राहू द्या.

दुसरं, त्यांच्या समोर त्यांच्याबद्दल बोलणं. मावशी येते, आई समोर बसली असते, आणि मावशी मला विचारते "जेवते का बरोबर?" अशा वेळी मी उत्तर देत नाही, आईकडे वळते, "आई, मावशी विचारून राहिली जेवण कसं झालं." आई जे सांगेल ते. चुकीचं सांगितलं तरी काय बिघडतं.

तिसरं, सारखं दुरुस्त करणं. आई अधूनमधून म्हणते बाबा ऑफिसातून आले नाही अजून. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. सुरवातीला मी दर वेळी खरं सांगायची, आणि दर वेळी ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडायची, एका आठवड्यात चार वेळा तिच्या नवऱ्याचं मरण मी तिला सांगितलं. आता मी म्हणते, "बाबांची आठवण येऊन राहिली का? त्यांना डब्यात काय आवडायचं?" आणि ती अर्धा तास भरल्या वांग्याचं सांगते.

आणि कपडे. सोयीचं पडतं म्हणून आम्ही आईला दिवसभर गाऊनवर ठेवायला लागलो, आणि येणारे लोक तिच्याशी आजारी माणसाशी बोलतात तसं, मोठ्याने आणि लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलायला लागले. मग तिच्याच दोन काठाच्या साड्या टेलरकडून शिवून घेतल्या, निऱ्या आधीच शिवलेल्या आणि कमरेला वेल्क्रो, पाच मिनिटांत नेसवून होते. साडी, कुंकू आणि हातात तिच्या बांगड्या असल्या की लोक आपोआप "काकू" म्हणून वाकतात. हा फरक मी डोळ्यांनी बघितला म्हणून सांगते, पाहुणे यायच्या आधी पंधरा मिनिटं यासाठी काढाच.

तपासून घ्या: आठवडाभर घरातलं कोणीही परीक्षा न घेता, वरच्यावर न दुरुस्त करता बोलू शकलं का? नसेल तर पुढे जाऊ नका, अजून एक आठवडा द्या.

## टप्पा ४: कोणाला सांगायचं, किती, आणि आधी कोणाला

सगळ्यात आधी ज्यांना आजार आहे त्यांनाच विचारायचं. सुरवातीच्या काळात माणसाला बरंच कळत असतं. आई म्हणाली, "भिशीतल्या बायकांना नको सांगू." आम्ही सहा महिने नाही सांगितलं. मग एक दिवस तिनेच तिच्या मैत्रिणीला सांगितलं की माझं डोकं आजकाल साथ देत नाही. तिच्या तोंडून गेलं ते किती बरं झालं, आम्ही आधीच सांगून बसलो असतो तर ती मैत्रिणीसमोर खोटी पडली असती.

मग हा क्रम:

१. जिथे त्या एकट्या जाऊ शकतात तिथले लोक. शेजारी, किराणावाला, गोकुळपेठ मार्केटमधला नेहमीचा भाजीवाला, देवळातले पुजारी, चौकीदार, ओळखीचा ऑटोवाला. यांना सगळ्यात शेवटी सांगतात लोक, किंवा सांगतच नाहीत, आणि खरी गरज यांचीच असते.
२. त्यांच्या स्वतःच्या दोन जवळच्या मैत्रिणी किंवा मित्र.
३. नात्यातलं असं एक माणूस ज्याचा शब्द सगळे मानतात. प्रत्येक घरात एक आत्या नाहीतर मोठे काका असतात, त्यांना समोर बसून नीट समजावलं की बाकीच्यांना तेच गप्प करतात.
४. बाकी नातेवाईक. व्हॉट्सॲप ग्रुप सगळ्यात शेवटी, आणि टाळता आलं तर टाळाच.

सांगताना तीनच गोष्टी सांगा: काय आहे, काय दिसेल, तुम्ही काय करा. मी भाजीवाल्या दादांना असं सांगितलं: "दादा, आईला विसरायचा आजार झाला आहे, मेंदूचा आजार आहे. ती तेच परत विचारेल किंवा पैसे दिले म्हणेल. तुम्ही भाजी देऊन द्या, हिशोब मी संध्याकाळी करते, आणि एकटी दिसली तर मला फोन लावा." बस. त्यांनी पावतीच्या पुस्तकामागे माझा नंबर लिहून ठेवला. तिच्यासाठी पिशवीत गवार टाकून देतात अजूनही, कारण तिला गवार लागते हे त्यांना वीस वर्षांपासून माहीत आहे. आई आजही त्यांच्या गिऱ्हाइकांतली एक आहे, आणि हे टिकवायला मला एकदाच पाच मिनिटं बोलावं लागलं.

लोक काय काय विचारतील त्याची उत्तरं तयार ठेवा. एकापासून दुसऱ्याला लागण होते का? अजिबात नाही. वेड लागलं का? नाही, मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात, अल्झायमर हे त्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण. मुलांना होईल का? बहुतेकांच्या बाबतीत हा आजार आईकडून मुलीला असा सरळ उतरत नाही, अगदी थोड्या घरांत, तेही बहुधा साठीच्या आत सुरू होणाऱ्या प्रकारात जनुकीय कारण सापडतं. हा प्रश्न घरात लग्नाची मुलगी असली की कुजबुजत येतो म्हणून मी स्वतःच मोठ्याने उत्तर देऊन टाकते. "बाहेरचं काही आहे, एकदा दाखवून आण" म्हणणारेही भेटतील, त्यांच्याशी वाद घालत बसू नका, "डॉक्टरांचं चालू आहे" एवढं पुरे.

सावधान: फोटो. नात्यातल्या एकाने आईचा गाऊनमधला, तोंड उघडं पडून झोपलेला फोटो ग्रुपवर टाकून "प्रार्थना करा" लिहिलं. हात जोडलेले चाळीस मेसेज आले आणि त्यांतल्या एकानेही फोन केला नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे की आईचा फोटो तिला दाखवून, तिला आवडला तरच पाठवायचा.

## टप्पा ५: खरं काम द्या, दाखवायचं नाही

माणसाचं समाजातलं स्थान म्हणजे शेवटी लोक त्याला काय विचारायला येतात ते. आई आमच्या लेनमध्ये कुरोड्यांची बाई होती. एप्रिल लागला की चार घरच्या बायका तिला विचारून गहू भिजत घालायच्या. आजाराच्या दुसऱ्या वर्षी आम्ही तिला म्हटलं तू बस, आम्ही करतो, आणि ती गच्चीच्या दारात दिवसभर उभी राहिली, आत बोलावलं तरी येईना.

तिसऱ्या वर्षी आम्ही काम तोडून बघितलं. गहू तीन दिवस भिजवणं, रोज पाणी बदलणं, वाटून चीक काढणं यात दिवस मोजायचे असतात, ते तिला जमत नाही, ते आमच्याकडे. मीठ आम्ही मोजून आधीच टाकलं, कारण ती दोनदा टाकते. गॅसजवळ मी. पण चीक शिजला की नाही हे बघायला तिला बोलावलं. तिने पळीने वर उचलून बघितला आणि म्हणाली, "अजून पांढरा दिसून राहिला, कच्चा आहे." मला झाला असं वाटत होतं. अजून पाच-सात मिनिटं घोटला तेव्हा त्याला चमक आली, पारदर्शक झाला, आणि ती म्हणाली "आता काढ." मग सोऱ्या तिच्या हातात दिला, आणि गच्चीवर पसरलेल्या प्लास्टिकवर तिने एकसारख्या गोल कुरोड्या घालत नेल्या, मनगट आपोआप फिरत होतं. सकाळचे साडेसहा वाजले होते. शेजारच्या काकू पायऱ्या चढून आल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "काकू, आमचा चीक पण बघून द्या ना." आई खाली गेली त्यांच्याकडे. मी पायऱ्यांवर बसून रडली.

असं का होतं? नवीन घडलेलं लक्षात ठेवणं आधी जातं, पण हातांना लागलेली सवय बराच काळ टिकते. म्हणून काम निवडताना असं बघा:

- वर्षानुवर्षं केलेलं काम आहे का. नवीन छंद शिकवत बसू नका.
- त्यातला कोणता तुकडा हाताचा आहे आणि कोणता लक्षात ठेवायचा. हाताचा त्यांना, लक्षात ठेवायचा तुम्हाला.
- ते काम झालं नाही तर कोणाचं अडेल का. कोणाचंच अडणार नसेल तर ते काम खोटं आहे आणि माणसाला ते कळतं. घडी घातलेले कपडे विस्कटून परत घडी घालायला देऊ नका.

महालक्ष्म्यांच्या वेळी हीच चूक आमच्या नात्यात झाली. "सोवळ्यात काही चुकेल" म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं, आणि बाहेर तिच्याच हाताने वर्षानुवर्षं बसवलेल्या महालक्ष्म्या उभ्या. सोळा भाज्या निवडायच्या असतात, पुरण वाटायचं असतं, आंबील असते, फुलांच्या वेण्या असतात, यातलं एकही त्यांना देता आलं नसतं का? पहिलं हळदीकुंकू महालक्ष्म्यांना त्यांच्या हातून वाहिलं असतं तर काय चुकलं असतं? बायकांना हा प्रश्न मी तोंडावर विचारते.

पुरुषांचंही असंच आहे. हिशोबाची सवय असलेल्या काकांना मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या फाडायला द्या, बेरीज दुसऱ्याने करावी.

## टप्पा ६: आधी दोन माणसं, मग मंडळ

आता भेटीगाठी. पहिल्या भेटीला दोनच माणसं, तुमच्याच घरी, चांगल्या वेळेत, चाळीस मिनिटं. टीव्ही बंद. येणाऱ्यांना आधी फोनवर सांगा: आल्यावर नाव सांगा, एका वेळी एकानेच बोला, तीच गोष्ट परत सांगितली तर पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐका, आणि हातात काहीतरी घेऊन या, जुना फोटो, शेंगा सोलायला, काहीही. हातात काम असलं की गप्पांमधले मोठे मोठे खड्डे जाणवत नाहीत. अशा तीन-चार भेटी नीट झाल्या की मगच जुना ग्रुप.

भजनी मंडळाला परत न्यायच्या आधी मी मंडळाच्या प्रमुख काकूंना भेटून तीन गोष्टी मागितल्या. एक ठरलेली जोडीदारीण जी कायम आईच्या उजव्या बाजूला बसेल. पेटीच्या अगदी जवळची जागा. आणि आई तेच कडवं परत सुरू करून बसली तर थांबवायचं नाही, सगळ्यांनी परत म्हणायचं. टाळ तिच्या हातात. बोलताना शब्द सापडत नाहीत तिला, पण चाल सुरू झाली की पाठ असलेलं भजन येतं, आणि टाळाचा ठेका तर एकदाही चुकला नाही. दोन बायकांना सुरवातीला त्रास व्हायचा, हे खरं आहे, एक तर उघड म्हणाली की हे काय दवाखाना आहे का. प्रमुख काकूंनी तिला सांगितलं की ही इथे बावीस वर्षांपासून येऊन राहिली, तू चार वर्षांपासून. म्हणून म्हणते, ज्याचा शब्द चालतो त्याला आधी तयार करा.

सकाळी फिरायला जाणाऱ्या पुरुषांचंही जमतं, अंबाझरीला नेहमीच्या बाकावर नेहमीच्या चौघांत नेऊन बसवा, फक्त परत घरापर्यंत सोडणारा एक जण नक्की करा. "कोणीतरी सोडेल" असं ठरलं की कोणीच सोडत नाही.

## टप्पा ७: लग्नकार्य

वरचे सहा टप्पे झाल्यावरच. तेही सगळं लग्न न घेता त्यातला एक तुकडा निवडा. माझ्या मते रिसेप्शन सोडा, सकाळची हळद किंवा देवक घ्या: घरचेच लोक, उजेड, जमिनीवर बैठक, ओळखीचे विधी.

आदल्या दिवशी जागा बघून या, बाथरूम कुठे आहे, कमोड आहे का, दार आतून कडी लावल्यावर बाहेरून उघडतं का. पिशवीत एक जोड कपडे, औषध, पाण्याची बाटली, घरचं थोडं खाणं. त्यांच्या पर्समध्ये किंवा खिशात नाव आणि तुमचा नंबर लिहिलेलं कार्ड. त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो निघताना मोबाइलमध्ये काढा, हरवल्या तर नेसण्याचा रंग आठवत बसावा लागत नाही. उन्हाळ्यातलं लग्न असेल तर दुपारी बाराच्या आत घरी, आपल्याकडे पारा ४५ ला जातो आणि म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. दर अर्ध्या तासाने मठ्ठा, पन्हं, काहीतरी द्या.

ड्युटी वाटून घ्या, पाऊण-पाऊण तासाची, नावानिशी. एकाच सुनेने पूर्ण वेळ चिकटून बसायचं आणि बाकीच्यांनी फोटो काढायचे असं ठरवू नका.

जागा कडेची, पाठीशी भिंत, स्पीकरपासून लांब, दारापासून जवळ. जेवण बुफेच्या रांगेत नको, गर्दीच्या आधी बसवून वाढा, ताटात एका वेळी दोनच पदार्थ.

आता मुख्य, मान. आहेराचं पाकीट त्यांच्या हातात द्या, तुमच्या पर्समध्ये नको. नवरा-नवरी पाया पडायला आली की आधी तुम्ही बोला, "आई, हा तुझ्या भावाचा नातू, याचं आज लग्न आहे." मग तिचा हात डोक्यावर जातो आणि "सुखी राहा" निघतं, हे शब्द इतक्या वेळा म्हटलेले असतात की ते जात नाहीत. फोटोग्राफरला सांगून ठेवा की यांना स्टेजवर चढवायचं नाही, जोडप्यालाच खाली आणायचं.

सावधान: चांगलं चाललं आहे म्हणून थांबू नका. सगळ्यात जास्त फजिती "अजून दहा मिनिटं" मध्ये होते. चांगलं चालू असतानाच निघा, लोकांच्या लक्षात तेच राहतं.

## टप्पा ८: बिघडलं तर

बिघडणारच कधीतरी. त्यांच्याशी वाद नाही, हात धरून ओढणं नाही. आवाज खाली, "चल आई, आपण जरा बाहेर हवेत बसू." लोकांना एकच वाक्य, "तिला जरा त्रास होऊन राहिला, पाच मिनिटांत येतो." माफी मागत सगळ्या टेबलांवर फिरू नका, त्याने लोकांच्या डोक्यात ते पक्कं होतं.

चोरीचा आळ. हा फार होतो आणि बहुतेक वेळा कामवाल्या ताईंवर येतो. आईला पाटल्या सापडल्या नाही की ती त्यांचं नाव घ्यायची, एकदा शेजारणीसमोर घेतलं. यात त्या ताईंची इज्जत जाते हे आपण विसरतो. त्यांना कामाला ठेवतानाच आजार समजावून सांगा, आणि शेजारच्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा की ताईंचा काही संबंध नाही. पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या.

बाहेर निघून गेल्या तर: १५ मिनिटं आजूबाजूला बघा, देऊळ, जुन्या घराचा रस्ता, बसस्टॉप, आणि लगेच ११२ ला, म्हणजे पोलिसांना फोन. चोवीस तास थांबावं लागतं ही चुकीची समजूत आहे. किराणावाला, चौकीदार यांना टप्पा ४ मध्ये सांगून ठेवलं असेल तर ते त्या दिवशी कामी येतं.

## टप्पा ९: पैसा, सही, मत

थोडक्यात. बँकेत जॉइंट खातं, नॉमिनी, मृत्युपत्र ही कामं सुरवातीलाच, माणसाला समजून सही करता येते तोवर, आणि मृत्युपत्राच्या वेळी डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत. मुखत्यारपत्र करून ठेवलं म्हणजे झालं असं समजू नका, माणसाची समज गेली की कायद्याने ते चालत नाही. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाइलवर घरूनही होतो.

पर्समधले सगळे पैसे काढून घेऊ नका. आईच्या बटव्यात दहा-वीसच्या नोटा असतात, आरतीत टाकायला, नातवाला द्यायला. ज्या बाईने आयुष्यभर घर चालवलं तिचा बटवा रिकामा ठेवला की ती दिवसभर शोधत बसते.

आणि मत. डॉक्टरांनी निदान केलं म्हणून मतदारयादीतून नाव जात नाही, त्यासाठी कोर्टाने तसं जाहीर करावं लागतं. आईने मत दिलं आणि शाईचं बोट आठवडाभर सगळ्यांना दाखवलं.

## टप्पा १०: तुमचं स्वतःचं, आणि पुढचं

सांभाळणारा माणूस पण हळूहळू बाहेर पडतो. मला दोन वर्षं कोणी भिशीला बोलावलं नाही, "तुला जमणार नाही ना" म्हणून. मी आता सरळ सांगते, मला बोलवा, येईन की नाही ते मी ठरवीन. आठवड्यातून तीन तास दुसऱ्याला बसवा आणि निघा, भावाला सांगा, त्याच्या सोयीची वेळ विचारू नका, तुमची सांगा. कोणीच नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि स्वतःचं मन फार खचलं असेल तर १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास.

आजार पुढे सरकतो. लग्न बंद होईल, मग मंडळात जाणं बंद होईल. दर तीन महिन्यांनी टप्पा २ ची वही परत काढा आणि त्याप्रमाणे कमी करा, एकदम सगळं बंद करू नका. माणूस बाहेर जाऊ शकत नसेल तर चार माणसं आत आणा. आमच्याकडे आता एकादशीला मंडळ घरी येतं, साडेचारला, सहाच बायका, चार भजनं, चहा नाही कारण कपांच्या आवाजाने आई दचकते. टाळ अजून तिच्याच हातात असतो, हल्ली मधेच थांबते आणि तसाच धरून बसते, मग उजवीकडची काकू आपला टाळ तिच्या टाळाला हलकेच लावते आणि आई परत सुरू होते.